एकवीस दिवसांच्या आत

"गावाच्या बोंडातल्या अळ्या मोजाले याले टाइम हाये, घरच्या लेकराचं तोंड पाहाले नाई."

कौसल्या चुलीशी बोलत होती. टिनाच्या भिंतीपलीकडे तिचा धाकटा लेक राजदीप अंगावर पाणी घेत होता, आणि चुलीला सांगितलेलं त्याला ऐकू जावं, पण उत्तर देता येऊ नये, एवढ्याच आवाजात ती बोलत होती. हे माप तिला चाळीस वर्षांच्या सवयीनं बरोबर जमायचं. नवरा, डोमाजी, होता तेव्हा त्यालाही ती असंच चुलीमार्फत कळवायची.

राजदीपनं तांब्यामागून तांब्या ओतून घेतला. मग नखं घासत बसला. बोंडं फोडून फोडून उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, आणि कितीही साबण लावला तरी हाताला परहाटीचा, कपाशीच्या झाडाचा, उग्र वास राहायचा. त्या हातांनी लेकरू घ्यावं की नाही, हा त्याचा रोजचा प्रश्न होता. विचारात पडायचा तोवर फोन वाजायचा.

पोरगी सहा दिवसांची झाली होती. ती जन्मली तेव्हा तो तलाठ्याबरोबर खालच्या शिवारात होता. त्या साली परहाटी पुरुषभर वाढली, बोंडांनी वाकली, आणि दिवाळीनंतर बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी आणि कवडी झालेला, किडका कापूस. सगळ्या राळेगाव तालुक्यात हीच गत. सरकारनं पंचनामे करायला सांगितले, पण साहेबांना शेतोशेत फिरवायचं कोणी? सरपंचानं, म्हणजे राजदीपनं. गावातली एकुलती एक काळीपिवळी जीप त्यानंच अडवून ठेवली होती. त्याच्या बायकोच्या, ममताच्या, कळा दोन आठवडे आधी सुरू झाल्या तेव्हा गाडी नाल्यापलीकडे, आणि नाल्यापलीकडे फोन लागत नाही. तो घरी पोचला तेव्हा कौसल्यानं आणि गावच्या आशा सेविका विमलताईनं मिळून सगळं उरकलं होतं. विमलताई दारात हात धूत होती. पोरगी, एवढंच ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता पदराला हात पुसत गेली.

पोरगी दवाखान्यात झाली असती तर आईबापाचं नाव तिथंच लागलं असतं. घरी झाली म्हणून नोंद ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात करायची होती, एकवीस दिवसांच्या आत. आणि राजदीपला आधीच्या दोन मुली होत्या. तिसरं लेकरू झालं की सरपंचाचं पद जातं, हा कायदा गावात अंगठा लावणाऱ्यांनाही पाठ आहे.

दोन वर्षांपूर्वी राळेगावात बायांच्या ऑपरेशनचा कॅम्प होता. गाडी राजदीपनंच ठरवली, घरोघरी जाऊन बायांना समजावलंही त्यानंच. गाडीत जागा आठ, बाया झाल्या नऊ. तांड्यावरची मानीबाई पाच लेकरांची माय, ती गाडीचं दार धरून उभी राहिली. ममता खाली उतरली. सरपंचाच्याच बायकोनं जागा अडवायची तर बरं दिसत नाही, असं राजदीप म्हणाला होता. पुढच्या कॅम्पला जाऊ. पुढचा कॅम्प झाला तेव्हा तिला तिसरा महिना होता.

पोट काही लपत नाही. ममता शेवटच्या महिन्यापर्यंत वेचणीला गेली, कापसाची ओटी बांधून, आणि कोणाची नजर पोटावर आली की ओटीत आणखी कापूस कोंबायची. शेजारच्या ओळीतल्या बाया परहाटीकडे बघायच्या. गावाला डोळे असतात तसं खाली बघताही येतं.

पोरगी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कौसल्यानंच तोड काढली. मोठा लेक अतुल, त्याच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, शीलाची कूस उजवली नव्हती. कागदावर नाव त्यांचं लागू द्या, पोरगी काय, घरातच राह्यते, असं ती भाकरी थापता थापता म्हणाली. कोणी हो म्हटलं नाही. कोणी नाही म्हटलं नाही. अतुल बैलाला पाणी दाखवायला उठून गेला. शीला आत गेली, ट्रंकेच्या तळातून एक लहान गोधडी काढली आणि झटकून उन्हात टाकली. ती केव्हा शिवली होती, हे तिनं सांगितलं नाही, पण घड्यांवर कापड पिवळं पडलं होतं. ममतानं भिंतीकडे तोंड केलं. आमच्याकडे घरातले मोठे निर्णय असेच होतात. घेत कोणी नाही, ते होऊन जातात.

राजदीपकडे मात्र कारण होतं, आणि कारण असलं की माणूस स्वतःलाच सांगत बसतो. मुनेश्वरांच्या घरातला, वस्तीतला तो पहिला सरपंच. नळाचा पाइप साठ वर्षं मारुतीच्या देवळापाशी थांबायचा, तो त्यानं वस्तीपर्यंत आणायला घेतला होता. चर अर्धी खणून झाली होती, पाइप समाजमंदिरापाशी पडले होते. पद गेलं तर कारभार उपसरपंचाकडे, म्हणजे बापूजीच्या भाच्याकडे. बापूजी स्वतः पंधरा वर्षं सरपंच होते आणि पंधरा वर्षं पाइप देवळापाशीच होता.

लेकरू बघायला बाया येऊ लागल्या. दारात चपला वाजल्या की घरात धावपळ व्हायची. शीला कानाला फडकं बांधून बाजेवर बसायची, बाजेखाली शेगडी, मांडीवर पोरगी. ममता आतल्या खोलीत, जिथं न विकलेला कापूस छतापर्यंत भरला होता, तिथं गंजीला टेकून बसायची. कवडी कापूस, त्यातले किडे अंगावर चढायचे, मान आणि दंड खाजून लाल व्हायचे. बाहेर बाया शीलाला विचारायच्या, दूध येते काय व? शीला मान हलवायची. आत ममतानं छातीला जुनं लुगडं घट्ट आवळलेलं असायचं, तरी पोरगी रडली की ते ओलं व्हायचं. बाया चहा पिऊन, डिंकाच्या लाडवाचं कौतुक करून जायच्या, आणि जाताना एकही बाई आतल्या खोलीच्या दाराकडे बघायची नाही. एवढ्या शिस्तीत गाव कधी मतदानालाही वागलं नव्हतं.

बाया गेल्या की शीला पोरगी आत नेऊन द्यायची. पहिले तीन दिवस लगेच. नंतर थोडी थांबून. दहाव्या दिवशी ममताला दोनदा हाक मारावी लागली.

राजदीप त्या दिवशी पहाटेच ममताजवळ जाऊन बसला. कापसाच्या गंजीत उजेड नव्हता, चुलीचा तेवढा लाल कवडसा. त्यानं हात तीनदा धुतले होते. पोरगी घेतली, आणि तिनं डोळे न उघडता त्याचं काळ्या नखाचं बोट धरलं. घट्ट धरलं. तो तसाच बसून राहिला. निघायची वेळ झाली होती, बोट सोडवून घ्यायला त्याला जमेना.

ममता बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "चार लोकांत हिले असं घेजा नोका. काका असं घेत नाई."

त्यानं पोरगीला तिच्या कुशीत ठेवलं आणि गळ्याला मफलर गुंडाळून बाहेर पडला.

त्या दिवशी वरच्या शिवारात सहा शेतं करायची होती. शेवटचं शेत वच्छलाबाईचं. ती विधवा, चार एकर एकटीनं ओढणारी. उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे वेचणी संपल्यावर, परहाटीत मेंढ्या बसवायचं तिनं धनगराशी ठरवलं होतं, म्हणजे शेत साफ होईल आणि लेंड्यांचं खतही मिळेल. धनगर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघणार होता. राजदीपनं तिला शब्द दिला होता, संध्याकाळच्या आत तुमचा पंचनामा होऊन जाईन मावशी, मंग खुशाल मेंढ्या घाला.

काम एकसुरी होतं. कृषी सहायक झाडं निवडायचा, राजदीप बोंडं तोडून नखानं फोडायचा, तलाठी फोटो घ्यायचा, ग्रामसेवक अमरसिंग मांडीवर पॅड ठेवून लिहायचा. बोंडाच्या आत अळी भाताच्या शितासारखी, गुलाबी, फुगलेली. शेतमालक प्रत्येक बोंड फुटताना पुढे वाकायचा, जणू या एखाद्यात नसेल. असली की खाली बघायचा.

पाचवं शेत झालं तेव्हा बापूजी बांधावर उभे होते. पांढरा सदरा, हातात काठी, चेहऱ्यावर आपुलकी. साहेब लोक उन्हातून दमले, चहा घेऊन जा म्हणाले. चहा त्यांच्या नऊ एकरांच्या कडेला मांडला होता. त्या नऊ एकरांत त्या साली बापूजींनी तूर पेरली होती. तूर मस्त आली होती, शेंगांनी लगडलेली.

चहाचा दुसरा कप झाल्यावर बापूजींनी पंचनाम्याच्या कागदाचा विषय काढला. त्यांच्या या नऊ एकरांची सातबाऱ्यावर कापूस म्हणूनच नोंद होती. तलाठ्यानं पीक पाहणी घरी बसून लिहिली होती, त्यामुळे तो आता ढगांकडे बघू लागला. अमरसिंगनं पेन थांबवलं. लिहायचं की नाही, हे सरपंचानं सांगायचं होतं, कारण खाली पंच म्हणून सही त्याची.

राजदीप म्हणाला, इथं तर तूर उभी हाये.

बापूजी हसले. काठीनं एक ढेकूळ फोडलं. म्हणाले, "अतुलची पोरगी कशी हाये, सरपंच? तुह्यावर गेली म्हंतेत नाकात. काकावर जातेत कधीकधी लेकरं."

कोणी हसलं नाही. तुरीत वारा खुळखुळत होता. राजदीपनं अमरसिंगच्या हातातून पॅड घेतलं आणि सही केली. पेन कागदावर दोनदा उठलं नाही, तिसऱ्यांदा उठलं.

मग बापूजींनी सगळं शेत फिरून दाखवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जणू काही त्यात बघण्यासारखं होतं. फिरून होईस्तोवर दिवस कलला. तलाठ्याची राळेगावची शेवटची एसटी होती. वच्छलाबाईचं शेत राहिलं. राजदीपनं गाडीतून जाताना तिला पाहिलं. ती आपल्या बांधावर उभी होती, पंचांसाठी पाण्याची कळशी आणि वर पेला पालथा घालून. तो गाडीतून उतरला आणि उद्या सकाळी पयलं तुमचंच, असं म्हणाला. ती म्हणाली, धनगर आज बसून राह्यला रे बापू. तो म्हणाला, एक दिवस थांबवा त्याले.

धनगर थांबला नाही, रातोरात मेंढ्या बसवून पुढं निघून गेला. सकाळी साहेब आले तेव्हा चार एकरांत परहाटीच्या नुसत्या काटक्या उभ्या होत्या, पान नाही, बोंड नाही. फोटो कशाचा घ्यायचा, तलाठी म्हणाला. पीक दिसत नाही तर नुकसान कसं लिहायचं. कृषी सहायकानं एका तुटक्या बोंडासाठी सगळं शेत पालथं घातलं. मेंढ्यांनी काम चोख केलं होतं.  वच्छलाबाईनं कळशीतलं पाणी सगळ्यांना दिलं. राजदीपला पेला देताना तिनं हात लांब ठेवला, एवढंच.

घरी हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगायचं कोणाला? अतुल राळेगावला जाऊन पोरीसाठी टोपडं आणि गुलाबी मोजे घेऊन आला होता आणि ते बाजेवर ठेवून लाजून बैलांच्या कोठ्यात जाऊन बसला होता. शीला आता बाया नसल्या तरी बाजेवर बसायची. तिनं पोरीच्या गालाला तीट लावली होती. बोलताना ती एकदा म्हणून गेली, आईजवळ ये व माह्या बाई. स्वयंपाकघरात कौसल्याचं लाटणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. ममता त्या संध्याकाळी जेवली नाही. छातीत गाठी आल्या होत्या, ताप भरला होता. विमलताई आली, तिनं गरम फडक्यानं शेकलं, पोरीला जास्त वेळ पाजत जा म्हणाली, आणि जाताना दारात राजदीपपाशी थांबली. तिच्या वहीत ममताचं नाव, महिने, वजन, सगळं लिहिलेलं होतं. ते पान तिनं अजून वर पाठवलं नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, माह्या वहीचं काय करू ते सांगजा." आणि उत्तराची वाट न पाहता गेली.

एकोणिसाव्या दिवशी अमरसिंगनं ऑफिसात जन्माचं रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. उघडलं नाही. तो भला माणूस, दिग्रसकडचा, नोकरीत दोनदा बदल्या खाल्लेला. उद्या ग्रामसभा आहे, म्हणाला, पंचनाम्याची यादी वाचायची आहे. ती झाली की त्याच बैठकीत नोंदही करून टाकू. अतुलभाऊ आणि वहिनी दोघांच्या सह्या लागतील. लेकरू आणलं तर बरं, म्हणजे कोणी काही म्हणणार नाही. हे सगळं तो रजिस्टरच्या पुठ्ठ्याला सांगत होता.

ग्रामसभा दुपारी समाजमंदिरासमोरच्या कडुलिंबाखाली भरली. पुरुष सतरंजीवर, बाया भिंतीच्या सावलीला. एक टेबल, एक खुर्ची; माइक नव्हता. अतुल नवा सदरा घालून पुरुषांत बसला होता. शीला बायांत पुढेच, मांडीवर पोरगी, गुलाबी मोजे. ममताला ताप होता, तरी ती आली होती. शाल गुंडाळून सगळ्यांच्या मागे, पाइपांच्या ढिगापाशी उभी होती. कौसल्यानं तिला घरी थांब म्हणून दोनदा सांगितलं आणि मग स्वतःच तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

अमरसिंग यादी वाचू लागला. नाव, गट नंबर, क्षेत्र, नुकसान. एकेक नाव आलं की माणूस मान हलवायचा. बापूजींचं नाव आलं, नऊ एकर, पीक कापूस, नुकसान शंभरात ऐंशी. मागून कोणीतरी खोकलं. तुरीले बोंडअळी लागली म्हना यंदा, असं कोणीतरी हळूच बोललं आणि गप्प झालं. गावात ती तूर न पाहिलेला माणूस नव्हता. अमरसिंग पुढं वाचत राहिला, आणि यादी संपली.

वच्छलाबाई उठून उभी राहिली. तिनं भांडण केलं नाही. माझं नाव राहिलं का, एवढंच विचारलं, जणू कागदाच्या मागच्या बाजूला असेल.

अमरसिंगनं राजदीपकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. राजदीप सांगू लागला, पंचनाम्याच्या येळी शेतात पीक नव्हतं, मेंढ्या बसल्या होत्या, तर नियमाप्रमाणे... त्याला आपलाच आवाज तलाठ्यासारखा ऐकू आला. तेवढ्यात पोरगी रडू लागली.

सुरुवातीला बारीक, मग चढत गेली. शीलानं थोपटलं, खांद्यावर घेतलं, बोट तोंडात दिलं. पोरीनं बोट थुंकलं आणि लाल झाली. भुकेचं रडणं सगळ्या बायांना कळतं. बाया आपापल्या पायांच्या बोटांकडे बघू लागल्या. मागं ममतानं शाल आणखी घट्ट ओढली. शालीवर दोन ओले डाग उमटले आणि वाढू लागले. कौसल्यानं आपला पदर तिच्या छातीवर टाकला.

बापूजी सतरंजीवर मागं टेकून बसले होते. म्हणाले, "लेकरू उपाशी हाये, शीलाबाई. पदराखाली घ्या ना. सभेले काय लाजता? का दूधच नाई?"

पुरुषांत हसू फुटलं. मोठं नाही, नाकातलं. अतुलनं मान खाली घातली आणि नव्या सदऱ्याचं बटण पिळू लागला. शीला हलली नाही. अकरा वर्षं तिनं या गावात हळदीकुंकवाचं, डोहाळजेवणाचं, बारशाचं प्रत्येक आमंत्रण मागच्या रांगेत बसून काढलं होतं, पण आजवर कोणी तिला भर सभेत असं विचारलं नव्हतं. तिचे ओठ पांढरे पडले. राजदीपला वाटलं ती रडेल.

ती उठली. बायांच्या रांगेतून बाहेर आली, पुरुषांच्या सतरंजीच्या कडेकडेनं नाही, मधून चालत आली, लोकांना पाय आवरावे लागले. टेबलापाशी आली आणि पोरगी तिनं यादीच्या कागदांवर ठेवली, राजदीपसमोर. पोरीच्या पायातला निघालेला एक मोजा नीट चढवला. हात मागे घ्यायला तिला वेळ लागला.  ती नुसती उभी राहिली, रिकामे हात पोटाशी धरून.

पोरगी कागदांवर हातपाय झाडत रडत होती. खालची यादी चुरगळत होती. राजदीपनं पाइपांच्या ढिगाकडे पाहिलं, जिथं पोचायला अजून अर्धी चर राहिली होती त्या वस्तीकडे पाहिलं. वच्छलाबाई अजून उभीच होती. बापूजी हसत नव्हते आता. सरळ होऊन बसले होते, जसा माणूस हातातली दोरी ताणली गेली की बसतो.

राजदीपनं वाकून पोरगी उचलली. उग्र वासाच्या हातांनीच उचलली. ती त्याच्या खांद्यावर तोंड घासू लागली. तो खुर्चीवरून उठला, ममताकडे निघाला, आणि चार पावलांवर थांबून वळला.

"अमरसिंगभाऊ," तो म्हणाला, "जन्माचं रजिस्टर काढा. लिहा, बाप राजदीप डोमाजी मुनेश्वर, माय ममता. पोरगी माही हाये. तिसरी हाये. ते लिहून झालं का बापूजीची तूर खोडा आन वच्छलाबाईचं नाव घाला, माही चूक म्हनून घाला. पद जाईस्तोवर मी सरपंच आहो."